दौलतमामांचा पिंपळ

"मामा, कुऱ्हाड तुम्हीच घाला. दुसरा कोणी हात लावायला तयार नाही," ओव्हरसियर सयाजीराव म्हणाले.

खोटं नव्हतं. पिंपळावर कुऱ्हाड कोण घालील? आणे जाऊन नवे पैसे आले त्या वर्षीची गोष्ट. आमच्या पिंपरीच्या कॉलनीतली सिमेंटची पायवाट पिंपळाच्या मुळानं वर उचलली होती. आमची पोरं रोज तिथं पडत, तेव्हा ते मूळ कुणाला दिसलं नाही. मोठ्या साहेबांच्या बायकोचा गुडघा फुटला आणि लगेच हुकूम निघाला.

दौलतमामा कॉलनीचे माळी, आमच्या शेजारच्याच खोलीत राहायचे. कॉलनी उभी आहे ती जमीन पूर्वी त्यांचीच. मूलबाळ झालं नाही, म्हणून नवराबायकोनं बांधावर पिंपळ लावला, वाढवला, भटजी बोलावून त्याची मुंज केली, गावजेवण घातलं. निपुत्रिक माणसं करतात तसं. पुढे बायको कौशल्याबाई गेल्या, जमीन गेली, पिंपळ तेवढा राहिला. काम संपलं की मामा त्याच्या बुंध्याशी बोलत बसायचे. लोक हसायचे. मीही विचारायची, "काय म्हणतो लेक?"

"आज गप हाय," ते म्हणायचे.

"न्हाई जमायचं, साहेब," मामा आता म्हणाले.

"मग बाहेरचा ठेकेदार येऊन आख्खं झाड काढेल. मूळ तोडलंत तर झाड तरी वाचेल, मामा."

मामांनी कुऱ्हाड उचलली. मग पायवाटेखालचं ते मांडीएवढं मूळ त्यांनीच तोडलं. प्रत्येक घावाआधी हात टेकवून काहीतरी पुटपुटत होते. मला बघवेना, मी आत गेले.

त्याच आठवड्यात भरदुपारी वैशाखातलं वादळ सुटलं. आधाराचं मूळच गेलेलं. पिंपळ पलीकडच्या अंगाला मुळासकट आडवा झाला. सयाजीराव धावत आले, पायवाट पाहिली आणि म्हणाले, "ओरखडासुद्धा नाही. नशीब म्हणायचं." त्या माणसाच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली मला.

मामा नळावर गेले आणि नेसत्या धोतरानिशी डोक्यावरून पाणी ओतून घेतलं, मयतीहून आल्यावर घेतात तसं. कोरडा पंचा पुढे करायलाही घरात कोणी नव्हतं. तसेच निथळत खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

संध्याकाळी घरोघर चुली पेटल्या, त्यांची पेटली नाही. मी पिठलं-भाकरी केली, सुतकाच्या घरी शेजारीण नेते तशी, आणि दार ढकललं. मामा अंधारात बसले होते. ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. ही हसतेय का, ते बघत असावेत.

"धा दिस सुतक धरीन म्हनतो, इंदुताई. लोक हसत्याल."

"हसू देत," मी म्हटलं. "लेक होता तुमचा. जेवा आता."

त्यांनी ताट जवळ ओढलं.