हात पसरलेली आई

मित्रांनो, फ्रान्समधल्या लिमोज गावच्या भट्टीत भाजलेली मी एक जुनी फुलदाणी. निळा रंग, सोनेरी कडा आणि पोटावर चितारलेली, हात पसरून धावणारी एक आई. ही ग्रीक पुराणातली धान्याची देवी डिमीटर. फुलं वेचताना पाताळाच्या राजानं पळवलेली तिची लेक माझ्या जुळ्या बहिणीच्या पोटावर होती. आम्हाला शेजारी ठेवलं, की आईचे हात आता लेकीपर्यंत पोचतील असं वाटे.

आम्हाला रंगवलं क्लेमांस नावाच्या विधवेनं. लेकीच्या चित्रासाठी तिनं आपल्याच एलोदीला समोर बसवलं.

"हलू नकोस गं, नाक वाकडं होईल."

"मान अवघडली, आई! त्या राजाला म्हणावं, ने बाबा एकदाचं!"

"जिभेला काही हाड?" म्हणत क्लेमांस हसली होती.

त्याच हिवाळ्यात एलोदी छातीच्या दुखण्यानं गेली. तिचा फोटो नाही, दुसरं चित्र नाही.

तोवर आम्ही देलोर्म कुटुंबाच्या दिवाणखान्यात, शेकोटीवरच्या फळीवर जाऊन बसलो होतो. दर रविवारी चर्चमधून क्लेमांस तिथं येई आणि माझ्या बहिणीसमोर उभी राही. म्हाताऱ्या मालकीणबाई स्वतः कॉफी आणत. "बसा हो मादाम, लेकीला भेटायला कसली घाई?"

मालकीणबाई गेल्या आणि वाटण्या सुरू झाल्या.

"जोडी मी नेणार," मुलगी सोलांज म्हणाली.

"का? आई काय तुझी एकटीची होती?" भाऊ आर्मां कडाडला.

शेवटी दोघांनी एकेक घेतली. बहिणीला गवतात गुंडाळून पेटीत घातलं, तेव्हा मला हाक मारायला तोंड नव्हतं. सोलांजच्या घरी, मार्सेयला पोचताना पेटी हमालाच्या हातून निसटली.

पुढच्या रविवारी क्लेमांस आली. फळीवर मी एकटीच.

"दुसरी कुठंय, साहेब?"

"फुटली. प्रवासात." आर्मांनं खांदे उडवले. "ही आहे की! हीसुद्धा तुमच्याच हातची ना?"

"तुकडे... तुकडे तरी ठेवलेत?"

"फुटक्याचे तुकडे कोण ठेवतं, बाई?"

ती रडली नाही. माझ्यावरच्या आईच्या पसरलेल्या हातांवर तिनं बोट ठेवलं, बराच वेळ. मग शाल सावरून निघून गेली. पुन्हा आली नाही.

मित्रांनो, फुटलेलं जरूर टाका. पण केरात टाकण्याआधी एवढं विचारा, की यात कुणाचा जीव अडकला होता का.