रॉटरडॅम फिरून आलेले कार्ड

मित्रांनो, मला हातात घेतलेत तर तुम्ही म्हणाल, हे तर साधे एटीएमचे कार्ड! तसे म्हणू नका, मला राग येतो. मी परदेश प्रवासाचे कार्ड आहे. निघण्यापूर्वी बँकेत रुपये भरायचे, बँक त्यांचे डॉलर नाहीतर युरो करून माझ्यात ठेवते, आणि मग परक्या देशात दुकानदाराच्या यंत्रात मला घातले की खर्च भागतो. नोटांची पुडकी पोटाशी बांधून हिंडायला नको, चोराची धास्ती नको. केवढी सोय! पण सोय झाली तरी ती वापरणारा माणूसच असतो, हे मला फार उशिरा कळले.

माझा जन्म दिल्लीजवळच्या मानेसरचा. तिथे जिकडेतिकडे मोटारींचे कारखाने, आणि त्यांच्या गर्दीत अंग चोरून उभा असलेला आमचा छोटा कारखाना. प्लास्टिकच्या मोठ्या तावावर निळा समुद्र आणि विमान छापले, यंत्राने तुकडे पाडले आणि त्यातला एक तुकडा मी झाले. मग माझ्या अंगात सोनेरी चिप बसवली. त्या वेळी जरा दुखते, पण नंतर आपण कुणीतरी आहोत असे वाटू लागते. खोक्यातली माझी भावंडे सिंगापूर, दुबई, पॅरिस अशा बाता मारत. मीही मागे नव्हते.

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या एका बँकेत मी सुधाकर देवस्थळींच्या हाती आले. केंद्र सरकारच्या कचेरीत त्यांचे मोठे टेबल होते आणि निवृत्तीला एकच वर्ष उरले होते. त्यांची मुलगी मृणाल रॉटरडॅमला, इमारतींचे आराखडे करणाऱ्या एका ऑफिसात नोकरीला होती. तिने आईबाबांना मे महिन्यात तिकडे बोलावले होते. सुधाकररावांनी माझ्यात दोन हजार युरो भरले. बँकेतली मुलगी म्हणाली, "सर, पिन याद रखिएगा. तीन बार गलत हुआ तो कार्ड ब्लॉक हो जाएगा." तिने हे सहज सांगितले, पण सुधाकररावांनी मंत्रालयाचा आदेश यावा तसे ते मनावर घेतले. नुसते यंत्राला टेकवून पैसे देण्याचीही सोय माझ्यात होती. तिला मात्र त्यांनी "नको ती भानगड" म्हणून बंदच ठेवायला लावले.

घरी आल्यावर त्यांनी मला पत्नी शुभदाबाईंपुढे धरले. "हे बघ. तिकडचा सगळा खर्च आपण करायचा. पोरीवर एका पैशाचा भार टाकायचा नाही."

"बिल्कुल नाही," भाजणीच्या पिशवीला गाठ मारत शुभदाबाई म्हणाल्या. "आणि तिला एकदा छानशा हॉटेलात जेवायला न्यायचं. आपल्याकडून."

मित्रांनो, मला तर त्या क्षणी गगन ठेंगणे झाले.

विमानतळावर मृणाल न्यायला आली होती. आईच्या गळ्यात पडून झाले, बाबांना नमस्कार करून झाला. शुभदाबाईंना चहाची तलफ आली म्हणून सगळे एका कॉफीच्या दुकानात शिरले. सुधाकरराव ऐटीत पुढे झाले, मला काढले आणि यंत्रात सरकवले. माझ्या आयुष्यातले ते पहिले काम. आकडे दाबले गेले. चूक! त्यांनी पुन्हा दाबले. पुन्हा चूक! गडबडीत ते पगाराच्या खात्याचा पिन दाबत होते. मला ते कळत होते, पण मला तोंड कुठे होते? मागे रांग लांबत होती. काउंटरवरचा पोरगा काहीतरी विचारत होता आणि ते त्यांना समजत नव्हते. ज्यांच्या सहीशिवाय फायली हलत नसत, त्या माणसाचे कान लाल झाले.

"राहू दे बाबा, मी देते. चलो," म्हणत मृणालने मोबाइल यंत्राला टेकवला आणि काम झालेसुद्धा. तिने हे प्रेमानेच केले होते. पण सुधाकररावांनी मला पाकिटात घातले ते एखादे अपमानाचे पत्र घडी घालून ठेवावे तसे.

आगगाडीत बसल्यावर त्यांना खरा पिन आठवला. त्यांनी तो ओठातल्या ओठात चारदा म्हटला. दुसऱ्या दिवशी ट्राममध्ये म्हटला, संग्रहालयाच्या पायऱ्या चढताना म्हटला. एकदाही चुकले नाहीत. पण तिकिटाच्या खिडकीपाशी आले की त्यांचा हात खिशाशीच थांबे. आता एकच संधी उरली होती. तिसऱ्यांदा चुकले, तर मुलीच्या देखत कार्ड बंद पडणार! मग ते बुटाची नाडी बांधायला खाली वाकत, नाहीतर एखाद्या इमारतीकडे मान वर करून बघत राहत. तोवर मृणालने पैसे दिलेले असत.

शुभदाबाईंनी टोकलेही. "अहो, ते कार्ड काय देव्हाऱ्यात ठेवायला आणलंय?"

"जपून वापरायचं असतं ते. अडीअडचणीला," सुधाकरराव म्हणाले. पिनची गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नाही. लाजेपुढे माणसाला कंजूष म्हणवून घेणेही सोपे वाटते, हे मी तेव्हा पाहिले.

एका सकाळी दोघे स्वेटर घालून खालच्या बागेत फिरायला गेले. सुधाकररावांचा कोट खुंटीवर होता आणि कोटात मी. मृणाल पोळ्यांची कणीक मळत होती. हात भरलेले, म्हणून फोनचा आवाज तिने मोठा ठेवला होता. पलीकडे दिल्लीहून तिची मैत्रीण क्षिप्रा बोलत होती. शिकत असताना क्षिप्रा तिथल्याच मुनिरका भागात भाड्याच्या खोलीत राही आणि मृणालचा मुक्काम बहुतेक तिच्याकडेच असे.

"यार मृणाल, अजून सांगितलं नाहीस घरी?"

"काय सांगू? की तुम्ही यायच्या आधीच माझी नोकरी गेली?" मृणालचा आवाज खाली आला. "आयुष्यात पहिल्यांदा परदेशात आलेत ते. आई तर ट्राम आली तरी टाळ्या वाजवते."

"आणि ते दुसरं ऑफिस?"

"ते म्हणतात, जूनमध्ये एक महिना येऊन काम करून दाखव, मग घेऊ. पण त्या महिन्याचे पैसे जवळजवळ नाहीतच. आणि माझ्याकडे भाडं आहे ते मेअखेरपर्यंतचंच. एक महिना तग धरता आला ना, तर होईल बघ सगळं."

"मग बाबांकडे माग ना! एका महिन्याचा तर प्रश्न आहे."

"बाबा कार्ड बाहेरच काढत नाहीत गं," मृणाल म्हणाली. "हात आखडता घेतायत म्हणजे त्यांचंच काहीतरी अडलं असेल. निवृत्ती आलीय. मी कशी मागू?"

मित्रांनो, तिच्यापासून चार हातांवर मी लटकत होते. माझ्यात तिचा जून महिना होता. घराचे भाडे, भाजीपाला, ट्रामचा पास, सगळे बसून वर थोडे उरले असते. मला ओरडावेसे वाटले. पण प्लास्टिक ओरडत नाही. कोट खुंटीवर होता आणि मी कोटात होते, बस.

परतीच्या आदल्या दिवशी शुभदाबाईंनी हट्टच धरला. आज हॉटेलात जायचे, आणि आपल्याकडून. पाण्याकाठी टेबल मिळाले. जेवण झाले, हसणे-बोलणे झाले. वेटरने यंत्र आणून बरोबर मधोमध ठेवले. सुधाकररावांचा हात कोटात आला. त्यांनी पाकीट उघडले आणि मला बोटात धरले. पिन ते मनातल्या मनात म्हणत होते आणि तो अगदी बरोबर होता! मी अर्धे बाहेर आले. पाण्यावरचा प्रकाश मला दिसला आणि मृणालही दिसली. ती माझ्याकडेच बघत होती. इतक्या आशेने माझ्याकडे आजवर कुणी बघितले नव्हते.

तिच्या त्या नजरेनेच घात केला. सुधाकररावांना वाटले, आता ही आपली परीक्षा बघते आहे. त्यांनी मला परत आत ढकलले. "हे... इथे चालतं की नाही कोण जाणे," ते पुटपुटले. मृणाल हसली, म्हणाली, "चलेगा बाबा, मी आहे ना," आणि तिने मोबाइल टेकवला. तिचे हसू नेहमीसारखेच होते. म्हणून तर दोघांना काही कळले नाही.

दिल्लीला परतल्यावर माझे भलतेच कौतुक झाले. "दोन हजार युरो नेले आणि जसेच्या तसे परत आणले!" असे सुधाकरराव शेजाऱ्यांना सांगत. शेजारीही "कमाल है, देवस्थळी साब!" म्हणत. त्या वाहवेची मला शरम वाटे. सगळे माझ्या पूर्णपणाचे गोडवे गात होते आणि पूर्ण राहणे हेच तर माझे अपयश होते. बँकेत जाऊन माझे रुपये करून घ्यायचे तेवढे राहून गेले, आणि मी लोखंडी कपाटात पासबुकाखाली जाऊन पडले.

जूनच्या मध्यावर मृणाल दोन मोठ्या बॅगा घेऊन दारात उभी राहिली. सुट्टीवर आले म्हणाली. शुभदाबाईंनी आनंदाने पुरणपोळ्या केल्या. आठवडा गेला, दुसरा गेला, परतीचे तिकीट काही निघेना. शेवटी एका रविवारी जेवताना शुभदाबाईंनी सरळ विचारले आणि मृणालने सगळे सांगून टाकले. नोकरी, भाडे, ते एक महिन्याचे काम. कपाट जेवणाच्या खोलीतच होते, म्हणून मला शब्दन्‌शब्द ऐकू आला.

"म्हणजे आम्ही होतो तेव्हा..." सुधाकररावांचा घास हातातच राहिला. "ती तिकिटं, ते हॉटेल... सगळं तू कुठून केलंस?"

"साठवलेले होते थोडे."

"आणि एक महिना राहता आलं असतं तर?"

"तर बहुतेक मिळाली असती," मृणाल म्हणाली. "आता त्यांनी दुसरी मुलगी घेतली. जाऊ दे ना बाबा."

खुर्ची मागे सरकली. कपाट उघडले. सुधाकररावांनी मला बाहेर काढले आणि मृणालच्या ताटाशेजारी ठेवले. "दोन हजार आहेत यात. घे. सगळे घे."

मृणालने मला उचलले, उलटसुलट करून पाहिले आणि हळूच परत ठेवले. "बाबा, हे कार्ड इथे चालत नाही. हे फक्त परदेशात चालतं."

सुधाकररावांनी मला पुन्हा हातात घेतले. मग म्हणाले, "मला पिनची भीती वाटली गं. दोनदा चुकलो होतो. तुझ्यासमोर तिसऱ्यांदा चुकलो असतो तर..." शुभदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मृणाल उठली आणि तिने बाबांचा खरकटा हात तसाच आपल्या हातात धरला. रागावली असती तर बरे झाले असते, असे मला वाटले.

उद्या बापलेक बँकेत जाणार आहेत. माझ्यातल्या युरोंचे रुपये होतील आणि मला कात्रीने कापून टोपलीत टाकतील. कापले जाण्याचे मला दुःख नाही. खर्च होऊन कापले गेले असते तर ते मी आनंदानेच सोसले असते. पण मी जसेच्या तसे भरलेले परत आले आणि एका मुलीचा महिना माझ्याच पोटात वाया गेला.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, आईबाबांना लांबच्या गावी फिरायला न्याल. तुमचे हात यंत्रांवर भराभर चालतील, त्यांचे चालणार नाहीत. तेव्हा घाईने पुढे होऊन पैसे देऊ नका. एखाद्या दुकानात बाबांचा हात खिशापाशी जाऊन थांबलेला दिसला, तर मागच्या रांगेला थांबू द्या. त्यांच्या शेजारी उभे राहा आणि मोठ्याने म्हणा, "बाबा, आज तुम्ही द्या. चुकलं तर चुकलं."