फोटोतलं बाळ

आईने अल्बमच्या पानावरून नखाने फोटो सोडवला आणि मुलगी स्कॅनरकडे वळलेली बघून तो हळूच मांडीखाली सरकवला.

"पुढचा दे."

"हा घे, तुझ्या काकाचा. मिशा फुटायच्या आधीच पिळतोय बघ."

मुलगी हसली. उजेडाची रेघ सरकली आणि काका संगणकाच्या पडद्यावर आला. त्याच्या चेहऱ्याभोवती आपोआप चौकट उमटली.

"हे काय गं?"

"संगणक चेहरे ओळखतो, आई. लहानपणीचा काका आणि टकल्या काका बरोबर एकाच खणात टाकतो. सहसा चुकत नाही."

आई मांडी आवळून बसली.

"आता माझा दे. दुपट्यातला."

"सापडत नाही. वाळवीने खाल्ला असेल."

"तू त्याच्यावर बसली आहेस. कोपरा दिसतोय."

फोटो थोरलीचा होता. तो काढला आणि आठवडाभरात ताप तिला घेऊन गेला. दुसरी झाली तेव्हा ती चालायला लागेपर्यंत आईने कॅमेरा घरात येऊ दिला नाही. पुढे शाळेने लहानपणीचा फोटो मागवला, मुलगी रडून रडून लाल झाली, तेव्हा आईने हा काढून दिला. ही बघ तू, म्हणाली. नंतर सांगू, नंतर सांगू म्हणत राहूनच गेलं. मुलीने तो फोटो आपल्या मुलांनाही कौतुकाने दाखवला. आता पन्नाशीच्या बाईला कुठल्या तोंडाने सांगायचं, की ही तू नव्हेस?

रेघ पुन्हा सरकली. पडद्यावर दुपट्यातलं बाळ आलं आणि शेजारी, आधीच स्कॅन केलेली, फ्रॉकमधली दोन वर्षांची मुलगी स्वतः. खाली प्रश्न होता : ही तीच व्यक्ती आहे का?

"हो म्हण आणि उरक," आई म्हणाली. "पाणी प्यायलासुद्धा उठली नाहीस सकाळपासून."

मुलीने 'नाही'वर बोट ठेवलं.

आईने अल्बम मिटला, पुन्हा उघडला.

"कान बघ ना," मुलगी पडद्याकडे बघतच म्हणाली. "माझी पाळी चिकटलेली, हिची सुटी. कॉलेजात असताना आरशासमोर फोटो धरला होता, तेव्हाच कळलं."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून."

बाळाच्या चौकटीखाली नाव लिहायची रिकामी जागा उघडली होती.

"ताईच ना माझी? काय नाव होतं तिचं?"

आईने चष्मा काढला, बाहीने पुसला, पुन्हा घातला. त्यातून काही नीट दिसत नव्हतं.

"तुझंच," ती म्हणाली.

मुलीची बोटं कळांवर तशीच थांबली. मग एकेक अक्षर शोधत असल्यासारखं तिने सावकाश स्वतःचं नाव बाळाखाली लिहिलं. शेजारच्या फ्रॉकवालीची जागा मात्र रिकामी ठेवली.