टेबलावरचे झेंडे

शिंप्याच्या दुकानात मास्तरीणबाईंनी नमुन्यादाखल शिवलेला झेंडा उलटवला, कात्रीच्या टोकाने त्याचे कोपरे बाहेर काढले आणि सभागृहाच्या व्यवस्थापक बाईंसमोर धरला.

"एवढाच हवा ना? टेबलावरचा?"

"अगदी एवढाच. पण दोन्ही बड्या देशांचे सारखे हवेत. एकाचा बोटभर जरी मोठा झाला, तरी दुसरे उठून जातील," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी बैठक आहे."

मास्तरीणबाईंचा चेहरा खुलला. झेंडे शिवण्यात त्यांचा जन्म गेला होता. टेबलावरचे झेंडे म्हणजे बोलणी, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. गेल्या महिन्यात लष्कराने मोठे झेंडे मागवले होते. ते खांबावर चढवायचे नव्हते, शवपेट्यांवर पांघरायचे होते. ते शिवताना नवराबायको दिवसभर एकमेकांशी बोलले नव्हते, कारण त्यांचा एकुलता एक मुलगा सरहद्दीवर होता.

खरं भांडण शेजारच्या देशाशी, एका डोंगरपट्ट्यावरून. पण आपल्या पाठीशी एक बडा देश उभा राहिला, शेजाऱ्यांच्या पाठीशी दुसरा, आणि आता ते दोघेच बाह्या सरसावून एकमेकांवर धावत होते. त्यांच्या लढाऊ बोटी समोरासमोर आल्या, तेव्हा कुठे दोघांना बोलायची बुद्धी झाली.

"आणि आपला झेंडा?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"आपला नाही. आपण फक्त यजमान. चहापाणी आपल्याकडे."

"म्हणजे लग्न आमच्या घरचं आणि आम्हीच वाढपी?"

बाईंना हसू आवरेना. "शेजाऱ्यांचं त्याहून वाईट. त्यांना तर बोलावलेलंच नाही."

संध्याकाळी गाडी पाठवते, असं सांगून बाई गेल्या. मास्तरीणबाईंचे नवरे, शिंपी मास्तर, कापायच्या टेबलापाशी उभे राहून सगळं ऐकत होते, पण ऐकत नसल्यासारखं.

"अहो, मी आपला एक शिवते आणि शेजाऱ्यांचा एक. भांडण ज्यांचं, ते नकोत का बसायला?"

मास्तरांनी कात्री खाली ठेवली.

"सांगितलं तेवढंच शिवायचं. आणि शेजाऱ्यांचा? माझ्या पोरावर बंदुका रोखून बसलेत ते. त्यांचा झेंडा या मशीनवर चढणार नाही."

"झेंड्याचं सोडा, तुम्ही त्यांच्याकडचा दोरासुद्धा बंद केलात. हा नवा दोरा सतरा वेळा तुटतोय, आणि सांधत बसते मी."

"तुटू दे."

मास्तरांपुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मास्तरीणबाई फुरंगटून मशीनवर बसल्या आणि दोन बड्या देशांचे झेंडे भराभर शिवून टाकले. मग पाठ धरली म्हणून आत जाऊन पडल्या. इस्त्री, काठ्या, बांधाबांध सगळं मास्तरांनी केलं. गाडी आली तेव्हा खोका सुतळीने आवळून दारात तयार होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतात न उघडतात तोच फोन वाजला. व्यवस्थापक बाई होत्या.

"अहो, तुमच्या खोक्यात दोन झेंडे जास्तीचे निघालेत. एक आपला आणि एक शेजाऱ्यांचा. चुकून आले का?"

मास्तरीणबाईंनी वळून पाहिलं. मास्तर सुईत दोरा ओवत होते. चष्मा कपाळावर होता, तरी मन लावून ओवत होते. मास्तरीणबाईंनी फोनवर हात धरला.

"अहो, शेजाऱ्यांचासुद्धा तुम्हीच शिवलात?"

"मग काय करू?" मास्तर सुईकडेच बघत म्हणाले. "त्यांच्यातलं कुणी समोर बसलंच नाही, तर भांडण मिटवून आमच्या पोराला घरी जा म्हणून सांगणार कोण? हे बडे? त्यांचा पोरगा आहे का तिथे?"

मास्तरीणबाईंनी पदराने डोळे टिपले आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"चुकून नाही हो, मोजूनच दिलेत. मांडा टेबलावर."

"मांडायला जागा आहे," बाई अडखळत म्हणाल्या. "पण या दोन झेंड्यांमागे खुर्च्याच नाहीत."

"इश्श, एवढंच ना? मग शेजारच्या खोलीतून आणा."