पाठीवरची पिवळी पट्टी

मित्रांनो, तेरेखोल नदीत नऊ पावसाळे काढलेली मी एक म्हातारी चोणक मासळी आहे. माझ्या पाठीवर दोन वण आहेत. ते कसे पडले, हे आठवलं की मी अजून जागच्या जागी थिजते.

खारफुटीच्या मुळांत मी वाढले, कोळंबी खाल्ली, जाळी चुकवली. गेल्या एप्रिलात मात्र धाकू नावाच्या म्हाताऱ्या मच्छीमाराने मला पकडलं. बाजारात न नेता त्याने मला सिद्धीच्या हवाली केलं. सिद्धी पाळी गावची, माशांचा अभ्यास करणारी. मासे कुठे जातात हे कळावं, म्हणून ती त्यांच्या पाठीला पिवळी खूणपट्टी ओवून नदीत सोडायची. हरमलला एका शेडमध्ये तिच्या टाक्या होत्या.

"धाकूकाका, ही पट्टी म्हणजे कानातली कुडी. माशाला कळतसुद्धा नाही," ती म्हणाली.

आधी तिने मला थंड पाण्याच्या बंद टाकीत ठेवलं. मी किती प्राणवायू घेते, ते यंत्र मोजत होतं. मग पाणी मे महिन्यातल्या नदीएवढं तापवलं. मला धाप लागली. तिला ते ठाऊकच होतं. तिने शांतपणे लिहून घेतलं.

मग माझ्या पाठीला दोन भोकं पाडून पट्टी ओवली आणि टाकीत तसंच गरम पाणी वाहतं केलं. पट्टी पाण्याला अडत होती. सरळ पोहायलाही शेपटीचा सगळा जोर लागत होता. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी, आणि मला हवा होता दुप्पट. मी आडवी झाले.

सिद्धी पडद्यावरच्या आकड्याकडे पाहतच राहिली. "यंत्र बिघडलंय," म्हणत तिने दुसरं लावलं. आकडा तोच आला.

तिने घाईने पाणी गार केलं. तेवढ्यात धाकू आत आला. त्याच्या हातात एक मेलेली चोणक होती, सुकून काटा झालेली. पाठीवर शेवाळलेली पिवळी पट्टी.

"बाय, ही तडीक लागली. तुझीच पट्टी मां ही?"

सिद्धीने पट्टीवरचं शेवाळ अंगठ्याने पुसलं आणि मान हलवली.

"आणि किती सोडलस?"

"अजून अकरा," ती म्हणाली. "काका, मी ही पट्टी फक्त थंड पाण्यात तपासली होती. तेव्हा काहीच दिसलं नव्हतं."

तिने माझी पट्टी कापली. माझी जखम भरेपर्यंत धाकूची होडी त्या अकरा जणींना शोधत फिरली. चार सापडल्या, त्यांना माझ्या शेजारी आणून ठेवलं. नंतर आम्हा पाचही जणींना नदीत सोडलं. उरलेल्या सात मला अजून भेटलेल्या नाहीत.

मित्रांनो, आमचा अभ्यास जरूर करा. पण आम्हाला ओरडता येत नाही. त्रास झाला की आमचे कल्ले जोरात हलतात, एवढंच. ते बघायला कुणीतरी थांबायला हवं.