उलटा कप

नवऱ्याच्या स्क्वाड्रनचा, म्हणजे हवाई दलातल्या त्याच्या तुकडीचा, इतिहास लिहायचं काम तिच्या गळ्यात पडलं, कारण कॉलेजात तिचा विषय इतिहास होता आणि ही गोष्ट तिने एकदा चहाच्या वेळी बोलून दाखवली होती. बॉसच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, लगेच धरलं. "वर्धापनदिनाला हॉलमध्ये बोर्ड लावायचेत. तू लिही. तुझ्याइतकं शिकलेलं इथे कोण आहे?" बाकीच्या बायका इतक्या उत्साहाने हो हो म्हणाल्या, की सुटका नाही हे तिला तेव्हाच कळलं.

ती लिहीत होती, एका हाताने. दुसऱ्या हातात लेक होती. लेकीला दात येत होते, अंगात कणकण होती आणि मांडीवरून खाली ठेवलं की सूर लागत होता. ते चालू झाल्यापासून घरात कुणालाच धड झोप नव्हती.

इतिहास तसा सरळ होता. स्क्वाड्रन उभी राहिली तेव्हा पंख्याची विमानं होती. मग जेट आली, मग त्याहून वेगवान जेट. दोन युद्धं झाली. माणसं आली, बदलून गेली, काही परत आली नाहीत. काम मात्र पहिल्या दिवसापासून एकच: दोन विमानं इंधन भरून, शस्त्रं लावून तयार ठेवायची, दोन वैमानिकांनी पूर्ण पोशाखात शेजारच्या खोलीत बसायचं आणि भोंगा वाजला की पळत सुटायचं. आकाशात कुणी अनोळखी शिरलं तर त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं. "आपण आभाळाचे वॉचमन," असं नवरा म्हणायचा. लग्नाआधी तिला ते फार भारी वाटलं होतं.

शेवटच्या बोर्डावर ती कपांबद्दल लिहीत होती. स्क्वाड्रनच्या हॉलमध्ये भिंतीला एक फळी आहे. तिच्यावर प्रत्येक वैमानिकाचा कप, कपावर त्याचं टोपणनाव. ज्याला आज उडणं झेपणार नाही त्याने येऊन आपला कप उलटा ठेवायचा. झोप नाही, मन थाऱ्यावर नाही, घरात काही बिनसलंय, कारण काहीही असो. कुणी विचारायचं नाही. बॉसनेसुद्धा नाही. एक वैमानिक दमलेला असताना बोलला नाही आणि विमानासकट डोंगरावर आदळला, त्यानंतर तेव्हाच्या बॉसने ही रीत घातली.

संध्याकाळी नवरा आला. बूट काढायला स्टुलावर बसला आणि एक बूट हातात धरून तसाच राहिला. डोळे उघडे होते.

"अरे, दुसरा काढ."

"काय?"

"बूट. काढ दुसरा."

"हो की." तो हसला. स्क्वाड्रनमध्ये त्याला घुबड म्हणत, जागरणाला पक्का म्हणून. सकाळी या घुबडाने गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवली होती आणि तिच्यावरच खेकसला होता.

"उद्या ड्यूटी आहे ना तुझी? कप उलटा ठेव."

"वेडी आहेस का? दोघं कोर्सला गेलेत, एकाचा पाय प्लास्टरमध्ये. मी नाही म्हटलं तर बसणार कोण?"

"ते बॉस बघतील."

"आणि दात माझ्या पोरीला येतायत, मला नाही. काय सांगू? दाढ दुखते?"

"काही सांगायचंच नाही ना! तीच तर रीत आहे. आत्ताच लिहिलं मी."

"लिहिलंस ना छान? मग लाव बोर्डावर. गेल्या कित्येक महिन्यांत कुणी कप उलटा ठेवलेला नाही, राणी. विचारत नाहीत, पण बघतात." त्याने लेकीला उचलून खांद्यावर घेतलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. पकड सुटते की काय, असं वाटून तिने लेकीला परत घेतलं.

सकाळी लेकीला शेजारच्या काकूंकडे ठेवून ती बोर्ड घेऊन हॉलमध्ये गेली. वैमानिक अजून यायचे होते. वहिनी बाहेर कुणाला तरी शिडी आणायला सांगत होत्या. फळीवर कप ओळीने उभे होते. घुबडाचा कप कडेला होता, कानाचा टवका उडालेला.

तिने तो उलटा ठेवला. विचार करून ठेवला असं नाही. गॅस चालू राहिलेला दिसला की हात जसा बंद करायला जातो, तसा गेला. मग ती बोर्डाकडे वळली आणि स्वतःच्याच अक्षरात वाचलं: ज्याचा कप, त्याचाच हात. हे वाक्य तिने काल मोठ्या हौसेने लिहिलं होतं. एकाचा कप दुसऱ्या कुणी फिरवू लागलं, तर उद्या फळीवरच्या कुठल्याच कपावर कुणी विश्वास ठेवणार नाही. ती परत फळीकडे निघाली, पण तेवढ्यात दार उघडलं आणि सगळे आत आले.

बॉसची नजर आधी फळीवर गेली. ती रोजच जात असावी. बॉसने ड्यूटीच्या फळ्यावरचं घुबडाचं नाव पुसलं आणि खडू हातात घेतला.

"घुबडाला दिवसा दिसत नाही वाटतं," कुणीतरी मागून पुटपुटलं. कुणी हसलं नाही.

नवऱ्याने कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिच्या हातात चिकटपट्टी होती. तो फळीपाशी गेला आणि त्याने कप उचलला. आता हा सरळ ठेवणार, 'चुकून झालं सर' म्हणणार, आणि जाऊन त्या खोलीत बसणार, हे तिला समोर दिसायला लागलं. तिने बोर्डाची कड घट्ट धरली.

तो कप हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. खांदे जरासे खाली आले. मग त्याने कप पुन्हा उलटाच ठेवला, आवाज होईल असा.

"सर, आज नाही जमणार."

"बरं," बॉस म्हणाले. फळ्यावर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं.

जाताना तो तिच्याजवळून गेला. "परत कधी माझ्या कपाला हात लावायचा नाही," एवढंच म्हणाला. आवाजात राग होता, पण तो राग धरून ठेवायलाही अंगात त्राण उरलं नव्हतं. कोपऱ्यातल्या सोफ्यावर तो बसला आणि बसल्या बसल्याच झोपला, तोंड उघडं टाकून.

वहिनी शिडी घेऊन आत आल्या. त्यांनी फळा वाचला. "आज आमचे बसणार तर," म्हणाल्या आणि शिडीवर चढल्या. बॉसचेही डोळे सुजलेले असतात, हे तिने आजवर पाहिलंच नव्हतं.

शेवटचा बोर्ड लावत असताना भोंगा वाजला. बाहेर बूट धावले, मग इंजिनांचा आवाज चढत गेला, खिडकीच्या काचा थरथरल्या. एकामागून एक दोन विमानं गेली. ती सोफ्याकडे बघत होती. तो हललासुद्धा नाही. वहिनी शिडीवर पाठमोऱ्या होत्या, आवाज पार विरेपर्यंत तशाच.

"सरळ धर गं," मग त्या म्हणाल्या. "वाकडा होतोय."

तिने दोन्ही हातांनी बोर्ड वर उचलला.