कृत्तिकांमधला पिवळा डाग

घरातल्या धुळीला नाक मुरडणाऱ्या हेरंबचा आकाशातल्या धुळीवर मात्र भारी जीव. कृत्तिकांच्या कोवळ्या ताऱ्यांभोवतीची धूळ त्यांच्याच उजेडात निळी दिसते. तिचे फोटो काढायला तो तीन हिवाळे बडोद्याबाहेर जात होता, आणि वडिलांच्या, तात्यासाहेबांच्या, वर्षश्राद्धाला त्यांतून जुळवलेला फोटो मांजलपूरच्या घरात लावायचं त्यानं नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं. लोक म्हणायचे, मुलगा असावा तर असा. हेरंब खाली मान घालून ऐकून घ्यायचा.

तात्यासाहेब दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. हनुवटीवरून ओघळणारी लाळ, खोलीतला कफाचा नि बामचा कोंदट वास, या सगळ्याची हेरंबला इतकी शिसारी यायची की तो उंबऱ्यातच श्वास रोखून उभा राहायचा. बायकोला, यशश्रीला, हे कधी कळू नये एवढीच त्याची धडपड. तिच्या मनातून उतरणं त्याला सोसलं नसतं.

फोटो काढण्याच्या शेवटच्या पहाटे एक चूक झाली. कॅमेऱ्याच्या काचेवरचे डाग नंतर फोटोतून वजा करता यावेत म्हणून दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून उजाडत्या आकाशाचे फोटो घ्यावे लागतात. घाईत कपाटातून उचललेलं कापड तात्यासाहेबांचं धोतर निघालं. धुतलेलंच होतं, म्हणून त्यानं तेच ताणलं.

संगणकावर शेकडो फोटो एकावर एक रचले, तेव्हा निळ्या धुळीत एक पिवळट डाग उमटला. त्यानं तो काढून टाकला, सगळं पुन्हा रचलं. डाग होताच, शिवाय थोडा खाली ओघळलेला. श्राद्ध तोंडावर आलं होतं. त्यानं फोटो तसाच छापायला दिला. निजामपुऱ्यातल्या छपाईवाल्यानं तो हातात देताना स्वतःची बोटं पँटला पुसली.

"साहेब, आ डाघ सुकातो नथी."

घरी येईपर्यंत तो न सुकणारा डाग बोटभर लांबला होता. हेरंबनं नुसता स्पर्श केला, तर चिकट तार ओढली गेली आणि बामचा तो वास दिवाणखान्यात पसरला. तोंडावर हात दाबून तो भिंतीला टेकला.

यशश्री दारात उभी होती. ती दचकली नाही. रुमाल ओला करून आणला, एका हातानं फोटोला मागून आधार दिला आणि डाग हलकेच टिपू लागली.

"असू दे," ती म्हणाली. "तुला किळस येते, हे माहीत आहे त्यांना."

तिच्या हाताखाली कागद, घोट गिळावा तसा, हळूच हलला.